डेटाबेसमध्ये ‘शून्य निकाल’ किंवा हजारो निरुपयोगी नोंदी: दोष कुठे आहे ते कसे शोधावे

संशोधनाचा विषय ठरला, मार्गदर्शकांनी संमती दिली, ग्रंथालयातील संगणकावर डेटाबेस (लेखांच्या नोंदींचा शोधता येणारा संग्रह) उघडला आणि विषय जसाच्या तसा शोधचौकटीत लिहिला, की बहुधा दोहोंपैकी एक गोष्ट घडते: एक तर निकाल शून्य येतो, नाहीतर काही हजार नोंदी समोर येतात आणि त्यांच्या पहिल्या दोन पानांवर कामाचे काहीच नसते. बडोद्यातील ज्या मराठी विद्यार्थ्यांना मी संदर्भ शोधायला मदत करतो, त्यांची तक्रार वर्षानुवर्षे याच दोन रूपांत येते, आणि पुष्कळ जण त्यावरून ‘या विषयावर कोणी काही लिहिलेलेच नाही’ असे ठरवून मोकळे होतात. हा निर्णय घाईचा असतो. साहित्य नसते असे फार थोड्या वेळा होते. बहुतेक वेळा आपण लिहिलेला शब्द आणि नोंदीत असलेला शब्द यांची गाठच पडलेली नसते, किंवा डेटाबेस जिथे पाहत आहे तिथे तो शब्द असण्याचा संभवच नसतो. म्हणून एका डेटाबेसमधून दुसऱ्यात धाव घेण्यापूर्वी शोध नेमका कुठे अडला ते तपासावे.

उदाहरणासाठी आपल्याच शहरातला विषय घेऊ. सयाजीराव गायकवाड तिसरे यांनी १९१० मध्ये अमेरिकेतून विल्यम ॲलन्सन बॉर्डन यांना संस्थानातील ग्रंथालयांची उभारणी करण्यासाठी बोलावले. बॉर्डन १९१३ मध्ये परत गेले, पण तोवर मध्यवर्ती ग्रंथालयाचा पाया घातला गेला होता आणि पुस्तकांच्या लाकडी पेट्या खेडोपाडी जाऊ लागल्या होत्या. या फिरत्या ग्रंथालयांवर कोणी प्रबंध लिहायला घेतला आणि ‘सयाजीराव महाराजांच्या काळातील बडोदे संस्थानातील मोबाईल ग्रंथालयांची ग्रामीण शिक्षणाच्या विकासातील भूमिका: एक अभ्यास’ एवढे सगळे इंग्रजीत करून शोधचौकटीत टाकले, तर काय होईल?

बहुतेक डेटाबेस दोन शब्दांमध्ये काही न लिहिल्यास तिथे ‘अँड’ (आणि) आहे असे धरून चालतात. म्हणजे नोंदीत ‘भूमिका’ही हवी, ‘विकास’ही हवा, ‘अभ्यास’ही हवा. ज्या लेखकाने सरळ ‘बडोद्याची ग्रंथालये’ असे शीर्षक दिले असेल, तो लेख या चाळणीतून खाली पडतो. तेव्हा पहिली तपासणी अशी: शीर्षकातून भूमिका, अभ्यास, परिणाम, विकास, महत्त्व असे शब्द काढून टाकावेत आणि ज्यांच्याविना विषयच उरत नाही असे दोन किंवा तीन शब्द ठेवावेत. इथे ते ‘बडोदे’ आणि ‘ग्रंथालय’ हे दोनच आहेत. आधी एकच शब्द घालून निकालांची संख्या पाहावी, मग दुसरा जोडावा, मग तिसरा. ज्या शब्दापाशी संख्या एकदम शून्यावर येते, तिथे दोष आहे. हे करायला पाच मिनिटेही लागत नाहीत, आणि तरीही हे कोणी करत नाही याचे मला खरोखर वाईट वाटते, कारण त्यापायी विषय बदलायला निघालेले विद्यार्थी मी पाहिले आहेत.

दोषी शब्द सापडल्यावर

वरच्या उदाहरणात दोषी ठरेल तो ‘मोबाईल’ हा शब्द. आजच्या डेटाबेसमध्ये ‘मोबाईल लायब्ररी’ असे शोधले, तर ग्रंथालयांच्या भ्रमणध्वनीवरील सेवा, त्यांची ॲप आणि क्यूआर कोड यांवरचे लेख रांगेने येतात. १९१० च्या सुमारास त्या पेट्यांना इंग्रजीत ‘ट्रॅव्हलिंग लायब्ररी’ म्हणत. या शब्दाचेही रोमन लिपीत दोन अवतार आहेत: ब्रिटिश लेखनात मध्ये दोन ‘एल’, अमेरिकन लेखनात एकच. बॉर्डन अमेरिकन, संस्थानचा कारभार ब्रिटिश वळणाच्या इंग्रजीत, त्यामुळे दोन्ही रूपे शोधणे भाग आहे. काही डेटाबेस असा फरक आपोआप सांभाळून घेतात, काही घेत नाहीत, आणि कोणता घेतो हे पडद्यावर लिहिलेले नसते, म्हणून दोन्ही रूपे ‘ऑर’ (किंवा) ने जोडणेच बरे.

नावांच्या बाबतीत हा घोळ अधिक वाढतो. गायकवाड हे आडनाव रोमन लिपीत ‘जी-ए-ई’ ने सुरू होऊन ‘डी’ ने संपते, ‘आर’ नेही संपते. ‘जी-ए-आय’ ने सुरू होणारे रूप आज महाराष्ट्रात रूढ आहे. एकोणिसाव्या शतकातल्या इंग्रजी कागदांत तर ‘ग्विकोवार’ असे वाचावे लागेल अशी अक्षरे आहेत. सयाजीराव कुठे एका शब्दात, कुठे ‘सयाजी’ आणि ‘राव’ असे तोडून, आणि एका शब्दातले रूप अवतरण चिन्हांत शोधले तर तोडलेले रूप हाती लागत नाही. शहराचे नाव आज वडोदरा, तर जुन्या इंग्रजी साहित्यात बडोदा. संस्थानाला ब्रिटिश कागदपत्रांत दीर्घकाळ ‘नेटिव्ह स्टेट’ म्हणत, पुढे ‘इंडियन स्टेट’, आणि आजचे इतिहासकार ‘प्रिन्सली स्टेट’ म्हणतात. सक्तीच्या प्राथमिक शिक्षणावर काम करणाऱ्यालाही हीच अडचण येते. हा प्रयोग १८९३ मध्ये अमरेलीत सुरू झाला आणि १९०६ मध्ये तो साऱ्या संस्थानाला लागू झाला; त्या काळात त्याच गोष्टीला ‘एलिमेंटरी’ म्हणत आणि ‘प्रायमरी’ही. दलित समाजाच्या शिक्षणाविषयी शोधताना आज जे शब्द आपण उच्चारणार नाही, ते जुने शब्दही शोधचौकटीत लिहावे लागतात, कारण १९३५ पूर्वीच्या अहवालांत ‘अनुसूचित जाती’ हा शब्द सापडण्याची शक्यताच नाही. त्या काळाची भाषा वापरणे म्हणजे ती मान्य करणे नव्हे, आणि ती टाळली तर ज्यांच्याविषयी लिहायचे त्यांच्याच नोंदी हातच्या जातात.

यावर माझा उपाय वहीचा आहे. पानावर तीन उभे रकाने आखावेत, प्रत्येक कल्पनेला एक रकाना द्यावा आणि त्याखाली तिची सगळी रूपे लिहीत जावीत. एका रकान्यातले शब्द ‘ऑर’ ने जोडून कंसात घालावेत आणि कंस एकमेकांना ‘अँड’ ने जोडावेत. पहिला उपयोगी लेख सापडला की त्याची नोंद पूर्ण उघडून तिच्यातले विषयशीर्षक आणि कीवर्ड पाहावेत. ज्या शब्दाखाली तालिकाकाराने (नोंदींची यादी, म्हणजे तालिका, करणाऱ्याने) तो लेख ठेवला आहे, त्याच शब्दाखाली त्याचे सोबतीही असतात. वैद्यकशास्त्राच्या विद्यार्थ्यांना पबमेड या वैद्यकीय डेटाबेसमध्ये ‘मेश’ नावाची शब्दावली तयारच मिळते. इतिहास आणि समाजशास्त्रात ती सोय इतकी पक्की नसल्याने वहीला पर्याय नाही.

तारांकन (*), म्हणजे ‘इथून पुढे कोणतीही अक्षरे चालतील’ अशी खूण, वापरताना जपावे. इंग्रजी ‘लायब्ररी’ शब्दाची पहिली सहा अक्षरे लिहून पुढे तारांकन दिले, तर एकवचन, अनेकवचन आणि ग्रंथपाल हे सगळे येतात. पहिल्या तीन अक्षरांवरच थांबले, तर लिबर्टी आणि लिबरल यांचा पूर येतो. गायकवाड या नावासाठी शेवटचे अक्षर सोडून तारांकन दिले, की ‘डी’ आणि ‘आर’ ही दोन्ही रूपे एकदम मिळतात. गूगल स्कॉलरमध्ये मात्र शब्दाच्या शेवटी दिलेल्या तारांकनाचा असा उपयोग होत नाही. तिथे रूपे एकेक करूनच लिहावी लागतात.

हजारो नोंदी येतात तेव्हा

स्कोपस या लेखांच्या डेटाबेसमध्ये ‘सर्व क्षेत्रे’ (क्षेत्र म्हणजे शीर्षक, लेखक, सारांश असा नोंदीतला एकेक भाग) निवडून ‘बडोदा’ शोधणाऱ्याच्या समोर रसायनशास्त्र, औषधनिर्माण आणि वनस्पतिशास्त्र यांचे लेख येतात, आणि डेटाबेस बिघडला आहे असे त्याला वाटते. कारण साधे आहे. आपल्या महाराजा सयाजीराव विद्यापीठाच्या इंग्रजी नावात आजही ‘बडोदा’ आहे, आणि ‘सर्व क्षेत्रे’ म्हटले की लेखकाचा पत्ताही त्यात येतो, म्हणून तिथल्या प्राध्यापकांनी कोणत्याही विषयावर लिहिलेला प्रत्येक लेख त्या जाळ्यात सापडतो. वेब ऑफ सायन्स या तशाच डेटाबेसमध्येही असेच घडते. पहिल्यात ‘शीर्षक, सारांश आणि कीवर्ड’ आणि दुसऱ्यात ‘टॉपिक’ हे क्षेत्र निवडले, की हा गाळ एकदम खाली बसतो. त्यानंतरही बँक ऑफ बडोदा उरते. तिला ‘नॉट’ (हा शब्द नको) ने वगळण्याचा मोह होतो, पण माझा सल्ला आहे की ‘नॉट’ शक्यतो वापरू नये: संस्थानाच्या आर्थिक धोरणावरचा एखादा चांगला लेख १९०८ मध्ये स्थापन झालेल्या या बँकेचा एका ओळीत उल्लेख करतो, आणि तेवढ्यामुळे तो कायमचा नजरेआड होतो. त्याऐवजी ‘ग्रंथालय’ किंवा ‘संस्थान’ हा शब्द जोडून शोध आवळावा.

जेस्टोरसारख्या डेटाबेसमध्ये रोग उलटा आहे. तिथे लेखाचा पूर्ण मजकूर शोधला जातो, म्हणून चाळिसाव्या पानावरच्या तळटीपेत ‘बडोदा’ एकदा आणि तिसऱ्या पानावर ‘लायब्ररी’ एकदा आली तरी तो लेख निकालात येतो. इथे दोन शब्द एकमेकांजवळ हवेत असे सांगता येते: दोन्ही शब्द एका अवतरणात घालून पुढे नागमोडी रेघ आणि १० हा आकडा लिहिला, की ते दहा शब्दांच्या आत असतील तेवढेच लेख मिळतात. स्कोपसमध्ये यासाठी ‘डब्ल्यू’, तिरपी रेघ आणि आकडा, तर वेब ऑफ सायन्समध्ये ‘निअर’, तिरपी रेघ आणि आकडा असे लिहितात. मात्र जेस्टोरमध्ये शोध आवळण्यासाठी ‘सारांश’ हे क्षेत्र निवडू नये. तिथल्या फार थोड्या लेखांना सारांश आहे, जुन्या लेखांना तर जवळजवळ नाहीच, आणि त्यामुळे चांगले लेखच आधी गळतात.

कंस न देण्याची सवय ज्यांना आहे, त्यांनी एक प्रयोग अवश्य करावा. ‘बडोदा ऑर गायकवाड अँड लायब्ररी’ अशी ओळ कंसाविना स्कोपसमध्ये घातली, तर तो डेटाबेस ‘ऑर’ आधी सोडवतो, म्हणजे बडोदा किंवा गायकवाड यांपैकी एक आणि शिवाय लायब्ररी असा अर्थ घेतो, जो आपल्याला हवाच असतो. तीच ओळ वेब ऑफ सायन्समध्ये ‘अँड’ पासून सोडवली जाते, म्हणून ‘बडोदा’ असलेली प्रत्येक नोंद, लायब्ररी असो वा नसो, निकालात येते. एकाच वाक्याला दोन ठिकाणी दोन अर्थ मिळतात आणि आकड्यांत प्रचंड फरक पडतो. कंस दिले, की दोन्हीकडे एकच अर्थ.

अवतरण चिन्हांचीही एक बारीक अडचण आहे. वर्डमध्ये लिहून ठेवलेली शोधओळ चिकटवताना वळणदार अवतरण चिन्हे सोबत येतात, आणि काही डेटाबेस त्यांना अवतरण म्हणून ओळखतच नाहीत. चिन्हे खोडून शोधचौकटीतच पुन्हा टाइप केल्यावर निकाल बदलला, तर दोष तिथेच होता असे समजावे.

मराठी साहित्य शोधताना

हा भाग मी थोडा विस्ताराने लिहितो, कारण इंग्रजीतल्या मार्गदर्शक पानांवर याविषयी काही मिळत नाही आणि आपल्या लोकांचे सर्वाधिक नुकसान इथेच होते. बडोदे संस्थानात मराठी, गुजराती आणि इंग्रजी या तिन्ही भाषांत छापले जात होते. ग्रंथालय खात्याचे ‘लायब्ररी मिसलेनी’ हे १९१२ मध्ये निघालेले नियतकालिकही त्रिभाषी होते. असे साहित्य आज जगभरच्या ग्रंथालयांत विखुरलेले आहे आणि वर्ल्डकॅट या ग्रंथालयांच्या सामाईक तालिकेत त्याच्या नोंदी आहेत. पण पुष्कळ नोंदी देवनागरीत नसून अमेरिकेतील लायब्ररी ऑफ काँग्रेसच्या पद्धतीने रोमन लिपीत केलेल्या आहेत. या पद्धतीत अंत्य ‘अ’ लिहितात. आपण ‘राव’ हा शब्द रोमन लिपीत तीन अक्षरांत आटोपतो, तिथे शेवटी आणखी एक ‘ए’ असतो. इतिहास, संस्थान, समाज या सर्व शब्दांचे तेच. आपल्या सवयीने लिहिलेला ‘इतिहास’ त्यामुळे त्या तालिकेत सापडत नाही. शब्दाच्या शेवटी तारांकन द्यावे किंवा तो जादा ‘ए’ लिहावा. ‘संस्थान’ मधल्या अनुस्वारासाठी आपण ‘एन’ लिहितो, त्या पद्धतीत ‘एम’ असतो, तर ‘ग्रंथ’ मध्ये ‘एन’ च असतो. खात्री नसेल तेव्हा दोन्ही करून पाहावेत. अक्षरांवरच्या आडव्या रेघा आणि खालचे ठिपके टाइप करण्याची गरज सहसा पडत नाही.

देवनागरीत शोधताना जुने लेखन ध्यानात ठेवावे. आजचे शुद्धलेखनाचे नियम महाराष्ट्र शासनाने १९६२ मध्ये स्वीकारले; त्याआधीच्या पुस्तकांच्या मुखपृष्ठांवर ‘संस्थानांतील’, ‘नांव’, ‘कसें’ असे अनुस्वार आहेत, आणि तालिकाकार मुखपृष्ठावर जसे असते तसेच उतरवून घेतो. ‘संस्थानातील’ असे शोधणाऱ्याला ‘संस्थानांतील’ मिळत नाही. प्रत्यय सोडून ‘संस्थान’ एवढेच लिहून पाहावे, आणि तेही न जमल्यास लेखकाच्या आडनावावरून शोधावे. शिवाय ‘बडोद्याच्या’ आणि ‘बडोदे’ हे यंत्राच्या दृष्टीने वेगळे शब्द आहेत; मराठीतली सामान्यरूपे ओळखणारे डेटाबेस फार कमी. ‘ऱ्या’ हे अक्षरही युनिकोडमध्ये दोन तऱ्हांनी साठवले जाते. पडद्यावर दोन्ही सारखीच दिसतात, पण शोधताना जुळतीलच असे नाही. ज्या शब्दात हे अक्षर आहे, तो शोधशब्द म्हणून टाळलेला बरा.

शोधगंगेवरचे प्रबंध हा याचाच पुढचा भाग. गांधीनगरच्या इन्फ्लिबनेट केंद्राने चालवलेल्या या संग्रहात प्रबंध प्रकरणावार फायलींत असतात. मराठी किंवा गुजराती प्रबंधाचे शीर्षक कुणी मूळ लिपीत भरलेले असते, कुणी रोमन लिपीत, कुणी भाषांतर करून. आतला मजकूर श्री-लिपीसारख्या जुन्या फाँटमध्ये किंवा नुसत्या छायाप्रतीच्या रूपात असेल, तर कोणताही शोध त्याला स्पर्श करू शकत नाही. इथे शोधचौकट सोडून द्यावी, विद्यापीठ निवडावे, मग विभाग निवडावा आणि शीर्षकांची यादी सरळ वाचत जावी. इतिहास किंवा मराठी विभागाची यादी वाचून होते, आणि शोधात कधीच न आलेला प्रबंध तिथे समोर येतो.

लेख दिसतो, पण उघडत नाही

ही तक्रार वेगळी आहे आणि तिचे उत्तर लहान आहे. डेटाबेस संस्थेच्या इंटरनेट पत्त्यावरून आपल्याला ओळखतो. घरून उघडायचे तर संस्थेमार्फत लॉगिन लागते, आणि अनेक संस्थांत ते इन्फेड या व्यवस्थेतून मिळते. १ जानेवारी २०२५ पासून ‘वन नेशन वन सबस्क्रिप्शन’ योजनेत ३० प्रकाशकांची सुमारे १३,००० नियतकालिके केंद्र आणि राज्य सरकारांच्या उच्च शिक्षण संस्थांना खुली झाली आहेत, तेव्हा आपली संस्था तीत आहे का हे ग्रंथपालांना विचारावे. जेस्टोरवर एखाद्या नियतकालिकाचे अगदी अलीकडचे अंक न दिसणे हा दोष नव्हे. पुष्कळ नियतकालिकांच्या बाबतीत शेवटची तीन ते पाच वर्षे तिथे ठेवलेलीच नसतात. आणि ‘मला उघडता येईल तेवढेच दाखवा’ ही खूण आधीपासून केलेली असेल, तर ती काढून शोध पुन्हा चालवावा. जो लेख दिसलाच नाही तो मागवताही येत नाही. दिसला तर ग्रंथालयांमधल्या देवघेवीतून किंवा डेलनेट या ग्रंथालयांच्या जाळ्यामार्फत मिळू शकतो.

एवढे करूनही हाती काही लागत नसेल, तर हवा तो दस्तऐवज लेखांच्या डेटाबेसमध्ये येणाऱ्या प्रकारचाच नाही असे समजावे. संस्थानाचे वार्षिक प्रशासन अहवाल हे याचे ठळक उदाहरण आहे. फिरत्या पेट्यांची संख्या, गावे, वाचक यांचे आकडे त्या अहवालांत असतात, पण तालिकेत त्यांचा विषय ‘ग्रंथालय’ असा दिलेला नसतो. तालिकेच्या ‘लेखक’ या क्षेत्रात ‘बडोदा’ लिहावे, कारण शासकीय प्रकाशनाचा लेखक म्हणून राज्याचेच नाव नोंदले जाते. मग कालमर्यादा १८७५ ते १९४९ अशी घालावी. जुन्या नियतकालिकांतले लेखही एकेक करून नोंदलेले नसतात. तिथे नियतकालिकाचे नाव शोधून अंक मागवावे आणि अनुक्रमणिका चाळावी. आणि एखादा जरी चांगला लेख मिळाला, तरी त्याची संदर्भसूची वाचून मागे जावे व गूगल स्कॉलरमधल्या ‘उद्धृत करणारे’ या दुव्यावरून पुढे यावे. माझ्या अनुभवात, विरळ साहित्याच्या विषयांत शोधशब्दांपेक्षा या वाटेनेच अधिक मिळते.

तरीही अडल्यास ग्रंथपालांकडे जाताना ‘काही सापडत नाही’ एवढेच सांगू नये. डेटाबेसचे नाव, कोणते क्षेत्र निवडले होते, शोधओळ अक्षर न अक्षर जशी लिहिली तशी, आलेल्या निकालांची संख्या आणि तारीख एवढे कागदावर लिहून न्यावे. कंस राहिला आहे की क्षेत्र चुकले आहे, हे त्या एका ओळीवरून लगेच सांगता येते, आणि हाच कागद पुढे प्रबंधातील संशोधनपद्धतीच्या प्रकरणातही जसाच्या तसा उपयोगी पडतो.